चुलवाणापुढील प्रार्थना

सुज्ञ वाचकांस सादर नमस्कार. नरकातील अग्नी किती काळ जळतो, या प्रश्नावर आमच्या कोल्हापुरातील ख्रिस्ती मंडळींमध्ये पूर्वापार मतभेद आहेत. कित्येकांच्या मते तो कधीच विझत नाही. काहींच्या मते तो जाळून संपवितो व मग स्वतःही संपतो. थोड्या जणांचे म्हणणे असे की, तो मनुष्यास शुद्ध करून अखेर सोडून देतो. या मतांचा निवाडा करण्याइतके माझे शिक्षण नाही. म्हणून जानेवारी महिन्यातील एका शनिवारी दुपारी, शांतवन गुरुजींच्या घराच्या सोप्यात, तीन माणसांमध्ये जे बोलणे झाले तेवढेच मी आपल्यापुढे ठेवीत आहे. शांतवन गुरुजी हे निवृत्त शिक्षक, मंडळीचे वडील, म्हणजे पंच, व रविवारच्या शाळेचे चालक. सलोमी ही त्यांची एकुलती कन्या. तिने कसबा बावड्याच्या एका हिंदू शेतकरी घरात विवाह केला. तिचे यजमान धैर्यशील आता हयात नाहीत. धोंडुबाई या तिच्या सासूबाई; त्यांना ती आत्या म्हणते. त्यांच्या मळ्यात गुळाचे गुऱ्हाळ चालते; रस आटविण्याच्या काहिलीखालील मोठ्या भट्टीस तेथे चुलवाण म्हणतात. सलोमीची मुलगी अनुजा ही त्या वेळी बावड्याच्या घरी होती. यापुढे मी मध्ये बोलणार नाही.

सलोमी : अनुजाच्या हाताचं विचारताय, अप्पा, तर हात बरा होईल. कोपरापर्यंत वाफ लागली आहे. डॉक्टर म्हणाले, फोड फोडू नका, नवी कातडी येईल. पण तुम्ही हाताच्या पुढचं काहीच विचारत नाही.

गुरुजी : मला निरोप एवढाच मिळाला की, नात गुऱ्हाळावर भाजली. मूल लहान आहे. खेळता खेळता चुलवाणाजवळ गेली असेल. अशा ठिकाणी तिला एकटी सोडायला नको होती.

धोंडुबाई : खेळता खेळता न्हाय, गुरुजी. कळशी घेऊन गेलती.

गुरुजी : कळशी कशाला?

धोंडुबाई : पानी भरून. हौदातनं बुडवून घेतली, दोनी हातांनी पोटाशी धरली, आनि चुलवाणाच्या तोंडातच वतली. आत जाळ कसा असतोय, तुमास्नी काय सांगायचं. पानी पडल्याबरोबर वाफ आनि राख भसकन भायेर आली. चिपाड घालायला आमचा कृष्णात बसलेला, त्यानं झिंज्या धरून मागं वडली म्हनून तोंड वाचलं. गुळव्या काहिल सोडून पळत आला, काहिलीतल्या रसाचं समदं आधण करपलं. त्येचं काय न्हाय. आधण रोज हुतंय.

गुरुजी : तिने असे का करावे?

सलोमी : कृष्णातनंही तेच विचारलं. ती म्हणाली, बाबाला गार करतेय.



तेव्हापासून ती गरम काही तोंडात घेत नाही. मी गॅस पेटवला की तांब्या घेऊन माझ्यामागे उभी राहते, एका हातानं. मी हजारदा सांगितलं, बाबा आगीत नाही. तर म्हणते, आई, तुला शास्त्र येत नाही, आजोबांना येतं. म्हणून आम्ही आलो. तुम्ही आत्ता आमच्याबरोबर बावड्याला चला आणि तुमच्या तोंडानं तिला सांगा की तिचा बाबा आगीत नाही. दुसरं काही मागायला आले नाही मी.

गुरुजी : सलोमी, तू काय मागते आहेस ते तुला समजते का?

सलोमी : चांगलं समजतं. नाताळात ती इथं राहिली तेव्हा तुमचं तिचं काय बोलणं झालं, ते आत्यांसमोर सांगा. मी वाटेत त्यांना थोडं सांगितलंय. त्यांना खरं वाटत नाही.

धोंडुबाई : मला काय वाटलं, पोराला आमी अग्नी दिला, त्येच पोरीच्या डोसक्यात बसलं असंल. तिच्या चुलत्यानं दिला, ती लांबनं बघत हुती. मी तिला म्हटलो बी, अगं त्येला काय कळत नसतंय, जीव आधीच गेलेला असतोय. तर ती म्हनाली, ती आग न्हवं आज्जी, दुसरी.

गुरुजी : मी तिला बोलावून काही सांगितले नाही. मी दिवाणखान्यात वाचीत बसलो होतो. ती आली आणि तिने विचारले, बाबांचा बाप्तिस्मा झाला होता का. मी म्हटले, नाही. तिने विचारले, मग बाबा कोठे आहेत. मी प्रथम विषय टाळला. तिला खाऊ दिला. तिने खाऊ खाल्ला नाही आणि पुन्हा तेच विचारले. तेव्हा माझ्यापुढे दोनच मार्ग होते. मी आयुष्यभर मुलांना शिकवीत आलो की, लहान मुलाशी खोटे बोलणे हे मोठ्या माणसाशी खोटे बोलण्यापेक्षा वाईट.

सलोमी : म्हणून काय म्हणालात?

गुरुजी : म्हणालो, शास्त्राप्रमाणे पाहिले तर, जेथे मी तुम्हा मुलांना दरवर्षी हात पुढे करायला सांगतो, तशा ठिकाणी. आणि पुढे हेही म्हणालो की, तू स्वतःसाठी प्रार्थना करीत जा.

धोंडुबाई : थांबा जरा. हात पुढं करायला सांगतासा म्हंजे कुटं?

सलोमी : आत्या, ते तुम्हाला मी नंतर...

धोंडुबाई : नंतर न्हाय. आत्ताच. दरसाल ह्ये रविवारची पोरं घेऊन आमच्या गुऱ्हाळावर येत्यात. पोरं रस पित्यात, काकवी खात्यात. मग चुलवाणापुढं रांगेनं उभी ऱ्हात्यात, हात पुढं करत्यात, डोळं मिटत्यात, गुरुजी प्रार्थना म्हनत्यात. आमी हंगामाला चुलवाण पुजतो, नारळ फोडतो. तशी तुमची बी काय तरी पूजा असंल, असंच आमी समजत आलो. माझं मालक असताना त्ये म्हनायचं, ख्रिस्ती गुरुजी येऊन गेल्यावर गुळाला रंग येतोय. तवापासनं मी तुमास्नी पैल्या आधणाची ढेप धाडत आलो. न्हाय व्हय?

गुरुजी : ढेप येत होती. त्याबद्दल मी दरवेळी आभार मानले आहेत.

धोंडुबाई : आभार मानलंसा. पर प्रार्थना कशाची हुती?

सलोमी : सांगा ना, अप्पा. मी लग्न करून त्या घरात गेले त्या पहिल्या हंगामात या मला कौतुकानं म्हणाल्या, तुझे वडील आमच्या जाळाला आशीर्वाद देतात. मला तोंड उघडायला लाज वाटली. आज तुम्ही उघडा.

गुरुजी : विहीणबाई, तो आशीर्वाद नव्हता. नरक ही गोष्ट मुलांना शब्दांनी समजत नाही. म्हणून मी त्यांना जाळ दाखवीत असे. सोसवेल तोवर तळहात जाळाकडे धरा, असे सांगे. ज्याला सोसत नाही तो हात मागे घेई. मग मी म्हणे, येथे हात मागे घेता येतो, तेथे घेता येणार नाही. हे चुलवाण संध्याकाळी विझते, ते विझणार नाही. त्यानंतर आम्ही प्रार्थना करीत असू की, देवा, आम्हांला यातून वाचव.

धोंडुबाई : आमच्या चुलवाणातनं.

गुरुजी : तुमचे चुलवाण केवळ उदाहरण होते.

धोंडुबाई : मी आपली ढेपंवर हळद-कुंकू लावून धाडायचो. तुमी त्ये पुसून खात असशीला.

गुरुजी : आपला अपमान करण्याचा माझा हेतू कधीही नव्हता.

धोंडुबाई : हेतूचं काय घेऊन बसलासा, पावणं. आमच्यात बी नरक हाय की. पर त्यातनं मानूस कवातरी सुटतंय, कुत्र्या-मांजराच्या का हुईना जल्माला येतंय. तुमच्यात एकदा आत गेला की जामीन न्हाय, तारीख न्हाय. मामलेदार बी इतका कडक नसतोय.

गुरुजी : तो कडकपणा माझा नाही. मी तो निर्माण केला नाही. मी केवळ निरोप पोचविणारा आहे.

सलोमी : निरोप तरी एकच आहे का, अप्पा? तुमच्याच मंडळीत तीन निरोप फिरतात. बयाबाई सिस्टर म्हणतात, शेवटी देव सगळ्यांना आत घेणार, एकही बाहेर राहणार नाही. त्यांना उपासनेत साक्ष द्यायला तुम्हीच बंदी केलीत. आणि नवे पाळक वेगळंच सांगतात. मी गेले होते त्यांच्याकडे, नाताळानंतर. त्यांनी आधी दार लावून घेतलं. तुमच्या कानावर जाईल म्हणून आवाजही खाली घेतला.

गुरुजी : त्यांचे मत मला ठाऊक आहे. मंडळीच्या वडिलांच्या सभेत त्यांनी ते अर्धे बोलून अर्धे गिळले होते. अग्नी जाळून टाकतो, म्हणजे माणूसच उरत नाही, मग जळणार कोण, असे काहीसे.

सलोमी : हो. ते म्हणाले, शिक्षा कायमची म्हणजे निकाल कायमचा; वेदना कायमच्या नाहीत. पाचट जळतं तसं जळतं आणि संपतं. देव कुणाला मुद्दाम जिवंत ठेवून भाजत बसत नाही. मला ते ऐकून त्या दिवशी पहिल्यांदा जेवण गेलं.

गुरुजी : तुला जेवण गेले, म्हणून ते सत्य ठरत नाही. ज्या शब्दाने प्रभूने नीतिमानांचे जीवन अनंत म्हटले, त्याच शब्दाने त्याच दमात शिक्षाही अनंत म्हटली. एका बाजूने तो शब्द कापलात तर दुसऱ्या बाजूनेही कापला जातो. नरकाला शेवट लावणाऱ्यांनी स्वर्गालाही शेवट लावून दाखवावा. हे मी पाळकांना विचारले होते. ते म्हणाले, आपण यावर पुन्हा बसू. पुन्हा कोणी बसले नाही.

सलोमी : तुमच्याशी वाद घालायला मी पाळक नाही. मी फक्त एवढं केलं की घरी येऊन तेच अनुजाला सांगितलं. म्हटलं, आग कायमची नसते, बाळ. जळून संपलं की दुखत नाही, काहीच राहत नाही. मला वाटलं तिला बरं वाटेल. तिनं बराच वेळ विचार केला आणि विचारलं, म्हणजे बाबा अजून संपला नसेल ना? मी म्हटलं, मला नाही माहीत. आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन दप्तरसुद्धा न काढता ती कळशी घेऊन गेली.

गुरुजी : म्हणजे तुझ्या सांगण्यामुळे.

सलोमी : दोघांच्या. तुम्ही सांगितलं विझत नाही, मी सांगितलं जळून संपतं. त्या लेकरानं दोन्ही खरं धरलं आणि उरला असेल तेवढा बाप वाचवायला धावली. दोष तुमच्या एकट्याचा, असं म्हणायला मी आलेली नाही. पण माझं मी निस्तरू शकत नाही, अप्पा. तिचा माझ्यावर विश्वास नाही. तुमच्यावर आहे.

गुरुजी : तोच विश्वास मी खोटे बोलून वापरावा, असे तुझे म्हणणे.

सलोमी : धैर्यशीलना तुम्ही ओळखत होता. सांगा, ते कोणत्या आगीच्या लायक होते? लग्नापासून एक रविवार त्यांनी चुकवला नाही. तुमच्या देवळाचं छप्पर गळत होतं तेव्हा वर चढून पत्रे कुणी बसवले? चंदगडच्या मेळाव्याला मंडळीची माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून कुणी नेली? पावसात, ताडपत्री धरून?

गुरुजी : तो भला मनुष्य होता. मी ते त्याच्या तोंडावर सांगितले होते. आणि त्यालाच विनवलेही होते. बाप्तिस्मा घे, उद्यावर टाकू नको. तो हसून म्हणे, अप्पा, आईच्या माघारी घेतो. ती असेतोवर तिला दुखवायला नको.

धोंडुबाई : मीच म्हटलोतो त्येला. बायको कुठली बी आन, देवळात जाऊन बस, गानी म्हन, मी काय म्हनत न्हाय. पर पान्यात बुडवून नाव बदललंस तर माझं मडं बघशील. म्हनून थांबला. मी जानार आधी, मग त्यो मोकळा, असा हिशोब हुता. आनि नदीवरच्या मोटारीला हात लावायला गेला, शॉक बसला, त्योच गेला. मी हाय अजून.

गुरुजी : विहीणबाई, आपण स्वतःला बोल लावू नये.

धोंडुबाई : मी न्हाय लावत. मी इच्यारतोय. थांबवला मी. चूक असंल तर माझी. मग आगीत त्यो कसा काय? मला घाला की. अदलाबदल हुतीय का तुमच्यात?

गुरुजी : होत नाही. प्रत्येकाने आपले उत्तर आपणच द्यायचे असते.

सलोमी : हे सगळं इतक्या शांतपणे कसं बोलता येतं तुम्हाला?

गुरुजी : शांतपणे? सलोमी, तुला माझ्या वडिलांविषयी ठाऊक आहे.

सलोमी : ठाऊक आहे.

गुरुजी : विहीणबाईंना ठाऊक नाही. माझे वडील आकाराम, राधानगरीकडच्या आमच्या गावी वारले. मी तरुण होतो. ख्रिस्तावर विश्वास धरून फार दिवस झाले नव्हते. मी एकुलता एक मुलगा. मडके धरायचे, अग्नी द्यायचा, सारे माझ्याकडे. त्या वेळच्या उपदेशकांनी मला बजावले होते की, जो मूर्तिपूजेत मेला तो कोणत्या अग्नीत गेला हे तुला माहीत आहे. त्यात आपल्या हाताने आणखी एक काडी लावू नको. मी बांधावर उभा राहिलो. पावसात लाकडे पेटेनात. माझी आई मला हाका मारीत होती. शेवटी चुलतभावाने रॉकेल ओतून पेटविले. आईने त्यानंतर माझ्या हातचे पाणी घेतले नाही. आणि ज्या बापाने मला खांद्यावरून शाळेत नेले तो आजही जळतो आहे, हे मनाशी धरून मी रोज सकाळी उठतो. एक दिवस चुकला नाही. मी माझ्या बापासाठी शास्त्रातला एक शब्द हलविला नाही. जावयासाठी कसा हलवू?

धोंडुबाई : म्हंजे तुमचा बाप तितं हाय म्हनून माझ्या पोराला बी तितंच ठेवायलायसा व्हय, सोबतीला?

सलोमी : आत्या...

धोंडुबाई : बोलू दे. माझं चुकत असंल तर ह्येनी सांगावं. उद्या त्यो पाळक म्हनतोय तसं निघालं, आग विझलेली हाय, कवाच विझलीया, तर ह्येंच्या आयनं ह्येंच्या हातचं पानी सोडलं त्ये कशापायी? ह्येंला विझलेली परवडतच न्हाय की. पेटती ठेवायला पायजेच.

गुरुजी : आपण फार कठोर बोलता.

धोंडुबाई : अडानी हाय मी. कठोर कसं बोलत्यात मला म्हाईत न्हाय. पोरीला झोप लागत न्हाय, त्येवढं म्हाईत हाय.

सलोमी : अप्पा, मी लहान असताना चुलीजवळ बसत नव्हते. आठवतं? आई भाकरी करायची आणि मी परसात जाऊन उभी राहायची. तुम्ही आईला म्हणायचात, हिच्या मनात देवाचं भय आहे, चांगलं लक्षण आहे. ते भय देवाचं नव्हतं. मला वाटायचं, तुम्ही एखाद्या दिवशी मला हात मागे घेऊ देणार नाही. मी ते गिळलं. मोठी होऊन तुमच्या हाताखाली रविवारच्या शाळेत शिकवलंसुद्धा, आणि मुलांना रांगेत त्याच चुलवाणापुढं उभं केलं. तिथंच धैर्यशील रसाचे पेले घेऊन यायचे. मुलांचे लाल झालेले तळवे बघून त्यांनी एकदा मला विचारलं होतं, हे कशाला करता? मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं. अजूनही मला त्याचं उत्तर देता येत नाही.

गुरुजी : मुलांना इजा व्हावी म्हणून मी काही केले नाही. मुलांनी वाचावे म्हणून केले. कोणाचा मुलगा विहिरीच्या काठावर खेळत असेल तर आपण ओरडतोच.

सलोमी : मग तिच्यासाठी ओरडा. ती काठावर नाही, आत पडली आहे.

गुरुजी : मी काय करू शकतो ते सांग. खोटे सोडून काहीही सांग. मी येऊन तिच्यासाठी प्रार्थना करतो. तिला समजावतो की, देवाचा न्याय मनुष्याला कळत नाही. उद्याची मुलांची गुऱ्हाळावरची फेरी रद्द करतो.

धोंडुबाई : उद्याचं सोडा. उद्या काय, कवाच आणू नगा. चुलवाण माझं हाय.

गुरुजी : ठीक आहे.

धोंडुबाई : आनि खोटं बोलायला मी बी सांगत न्हाय. म्हातारपनी मानसाला खोटं बोलाय लावू ने. मला एक सांगा, गुरुजी. मी काय तुमचा बाप्तिस्मा घेनार न्हाय. घ्यायचा असता तर पोरालाच घेऊ दिला असता. उद्या मी मेलो, तर तुमच्या शास्त्राप्रमानं मी कुटं जानार?

गुरुजी : विहीणबाई, हा प्रश्न आपण आत्ता...

धोंडुबाई : सरळ सांगा की. पोरीला सांगितलंसा तसं.

गुरुजी : देव दयाळू आहे. शेवटच्या श्वासापर्यंत मनुष्याला संधी असते.

धोंडुबाई : संधी मी घेनार न्हाय म्हनतोय न्हवं. मग?

सलोमी : आत्या, कशाला हे?

धोंडुबाई : गप ऱ्हा तू. मी सोप्पं करालोय. मी बी तितंच जानार, व्हय का न्हाय, गुरुजी? धैर्यशील हाय तितं. मग त्येवढंच लेकराला येऊन सांगा. म्हनावं, तुझी आज्जी पिकलं पान हाय, आज ना उद्या बाबाकडंच जानार हाय, जवळ बसंल, बघंल त्येच्याकडं, तू पानी घालत बसू नगं. तुमचा शब्द बी मोडत न्हाय, खोटं बी हुत न्हाय. बाप एकला न्हाय म्हटल्यावर पोरगी झोपंल. मी दिवसरात तिच्या उशाशी बसलोय, मला कळतंय, तिला आगीचं कमी हाय. त्यो एकला हाय ह्येचं लई हाय.

सलोमी : बोला, अप्पा. हे तर तुमच्याच शास्त्रातलं आहे.

गुरुजी : मला ते म्हणता येणार नाही.

सलोमी : का? खोटं आहे?

गुरुजी : खोटे आहे असे मी म्हटले नाही.

सलोमी : मग का नाही म्हणता येत? धैर्यशीलचं म्हणता आलं. माझ्या आजोबांचं म्हणता आलं. इतकी वर्षं रांगेतल्या मुलांना म्हणता आलं. यांचं का नाही?

गुरुजी : कारण त्या माझ्या समोर बसल्या आहेत.

सलोमी : हे काय उत्तर झालं?

गुरुजी : उत्तर नाही. जे होत आहे ते सांगितले. मी यांच्या तोंडाकडे पाहून ते वाक्य मनात जुळविले. ते बाहेर येत नाही.

धोंडुबाई : मी सांगतोय न्हवं, मला राग न्हाय म्हनून. म्हना की खुशाल.

गुरुजी : आपल्याला राग नाही, हे पाहतो आहे. म्हणूनच येत नाही.

सलोमी : तर मग तिला काय सांगायचं? बाबा आगीत आहे, हे तुम्ही परत घेणार नाही. आज्जी जाणार, हे तुम्ही म्हणणार नाही. मी घरी जाऊन काय सांगू, अप्पा? ती पायरीवर बसून असेल.

गुरुजी : सांग, आजोबांना ठाऊक नाही.

सलोमी : काय ठाऊक नाही?

गुरुजी : तिचा बाबा कोठे आहे, हे आजोबांना ठाऊक नाही. शास्त्र काय म्हणते ते ठाऊक आहे. बाबा कोठे आहे ते ठाऊक नाही. एवढे मी म्हणू शकतो. याच्यापुढे मला नेऊ नको.

सलोमी : मी नाही सांगणार.

गुरुजी : का?

सलोमी : तिच्यापर्यंत तुमचा निरोप नेला, पाळकांचा नेला. त्याचं काय झालं ते तिच्या हातावर आहे. आता मी कुणाचाच निरोप नेणार नाही. ठाऊक नाही म्हणायचं असेल तर तिच्यासमोर बसून म्हणा. ती विचारेल, मग नाताळात कसं ठाऊक होतं. त्याचंही उत्तर तुम्हीच द्या.

गुरुजी : त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही.

सलोमी : मग उत्तर नाही, असं म्हणा. ती आठ वर्षांची आहे, अप्पा. मला ठाऊक नाही म्हणणारा मोठा माणूस तिनं अजून पाहिलेला नाही.

धोंडुबाई : रिक्षा थांबवून ठेवलीया भायेर. येणार असशीला तर या. न्हाय आलासा तरी माझं काय म्हननं न्हाय. उठ गं, सलू.

गुरुजी : थांबा. माझी टोपी आत आहे.

सलोमी : शास्त्राचं पुस्तक घेऊ नका.

गुरुजी : नाही घेत.

धोंडुबाई : आनि गुरुजी, एक ध्यानात ठेवा. तिच्याम्होरं हात जोडू नगा. कुनी हात पुढं केला, जोडला, तरी बुजतीया ती.

गुरुजी : नाही जोडणार.

हा संवाद येथे समाप्त होतो. यातील कोणाचे म्हणणे खरे, हे सांगण्याचा अधिकार माझ्यासारख्या अल्पशिक्षित माणसास नाही, व तो मी घेतलेलाही नाही. लिहिताना काही चुकले असल्यास ती चूक माझी समजावी, या तिघांची समजू नये. आपण आपला मोलाचा वेळ काढून हे लेखन शेवटपर्यंत वाचलेत, त्याबद्दल मी आपल्या सर्वांचा मनःपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
केरबा पौलस सदामते
कोल्हापूर